गुलामांची जोडी

पत्त्यांच्या खेळांत वाईट पानें येणें ही कांहीं फार मोठी आपत्ति नव्हे. दुर्री आणि सत्ती हातीं आली म्हणजे माणसाला विचारच करावा लागत नाहीं. तीं पानें निमूटपणें खालीं ठेवावीं, सुपारीचें एक खांड तोंडांत टाकावें आणि इतरांची झटापट पाहत बसावें. अत्यंत उत्तम पानें येणें हीहि तशी सोपीच गोष्ट आहे. दोन एक्के हातांत घेऊन बसलेल्या माणसाला शहाणपणाची फारशी गरज नसते. त्याला फक्त चेहरा सांभाळावा लागतो. खरी कसोटी लागते ती या दोहोंच्या मधल्या पानांनीं. जीं निःसंशय चांगलीं आहेत, पण केवळ चांगलीं आहेत एवढ्यावर विसंबून चालत नाहीं, अशीं तीं पानें. पोकर या खेळांत अशा पानांचा मुकुटमणि म्हणजे गुलामांची जोडी. गेले कित्येक महिने मी या जोडीचा विचार करीत आहें, आणि मला असें वाटूं लागलें आहे कीं, माणसाच्या वांट्याला येणारीं बहुतेक दानें याच जातीचीं असतात.

इंग्रजी वाङ्मय शिकविण्यांत आयुष्याचीं तीस वर्षें घालविलेल्या माणसानें पत्त्यांविषयीं लिहावें याचें कोणास नवल वाटेल. परंतु मी ज्या ठिकाणीं राहतों त्या कोपरखैरण्याला पत्ते मुळींच परके नाहींत. २००४ सालीं ठाण्याहून वाशीकडे जाणारी आगगाडी सुरू झाली, तेव्हांपासून मी पाहत आलों आहें कीं, चार ओळखीचीं माणसें समोरासमोर बसलीं म्हणजे कोणाच्या तरी मांडीवर बॅग आडवी होते, तिच्यावर वर्तमानपत्र पसरलें जातें आणि मेंढीकोटाचा डाव सुरू होतो. उतरण्याचें स्टेशन आलें तरी हातांतलें शेवटचें पान टाकल्याशिवाय कोणी उठत नाहीं. गणपतीच्या दिवसांत जुन्या गांवठाणांतील घरांतून जागरणाच्या निमित्तानें पहांटेपर्यंत पानें पडत असतात. आरती, भजन आणि पत्ते यांचें तेथें मुळींच वैर नाहीं. माथाडी कामगारांच्या वसाहतींत रविवारीं दुपारीं ओट्यावर रमी रंगलेली दिसते. तेव्हां पत्त्यांना नाक मुरडणारा मनुष्य या गांवीं एकटा पडावयाचा, आणि मला एकटें पडण्याची हौस नाहीं.

पोकर मात्र मला शिकविला तो माझ्या भाच्यानें. माझी धाकटी बहीण शेजारच्या घणसोलीस राहते. तिचा हा मुलगा सत्तावीस वर्षांचा, शिक्षणानें एंजिनिअर, आणि वसतिगृहांत असतांना त्यानें हा खेळ आत्मसात् केलेला. पूर्वीं तो मोबाइलवर थोडे पैसे लावून खेळत असे. २०२५ च्या ऑगस्टांत पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांना बंदी करणारा कायदा संसदेनें केला, आणि त्याचा तो नाद आपोआप सुटला. पण खेळाची गोडी सुटली नाहीं. मग दर रविवारीं तो आमच्याकडे येऊं लागला. घरांत पैसे लावावयाचे नाहींत असा आमच्या सौभाग्यवतींचा दंडक असल्यामुळें तिनें वर्षभराच्या चिंचेंतून निघालेले चिंचोके एका डब्यांत भरून आमच्या स्वाधीन केले. वरच्या मजल्यावरील एक निवृत्त बँक अधिकारी आणि माझा एक सहाध्यापक असे आम्ही चौघे त्या चिंचोक्यांसाठीं जी चुरस करतों, ती पाहून एखाद्यास वाटावें कीं, पणाला इंद्रप्रस्थच लागलें आहे.

ज्यांना हा खेळ ठाऊक नसेल त्यांच्यासाठीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. अमेरिकेंतील टेक्सास संस्थानांत विसाव्या शतकाच्या आरंभीं निघालेला हा पोकरचा प्रकार. रॉब्सटाऊन हें त्याचें जन्मस्थान असल्याचें त्या संस्थानाच्या विधिमंडळानें २००७ सालीं मान्य केलें. यांत प्रत्येकाला दोन पानें झांकून मिळतात. मग पण लागतो. नंतर मध्यें तीन पानें उघडीं मांडतात, तीं सर्वांचीं सामाईक. पुन्हां पण. मग चौथें पान, पुन्हां पण. मग पांचवें, आणि शेवटचा पण. आपलीं दोन आणि मधलीं पांच यांतून ज्याचीं पांच पानें सर्वांत सरस बनतील, त्याची मधली रास. ज्याला वाटेल त्यानें कोणत्याहि टप्प्यावर पानें टाकून बाजूस व्हावें. मात्र तोंपर्यंत लावलेले चिंचोके परत मिळत नाहींत.

आपल्या तीन पत्तीशीं ताडून पाहिलें म्हणजे या खेळाची मख्खी ध्यानांत येते. तीन पत्तींत एकदां वाटलेलीं पानें शेवटपर्यंत तींच राहतात. बावन्न पानांतून तीन पानें २२१०० प्रकारांनीं येतात आणि त्यांपैकीं ३७४४ प्रकारांत जोडी असते. म्हणजे सहांत एकदां. ती आली कीं ती आली. तुमची जोडी रात्रीं दहाला जेवढ्या मोलाची, तेवढ्याच मोलाची ती सव्वादहाला असते; बदलतो तो समोरच्याचा आव. पोकरमध्यें मात्र तुमचीं पानें तींच राहून त्यांचें मोल बदलत जातें. मधलें प्रत्येक पान उघडलें कीं तुमच्या हातांतील संपत्तीची नवी किंमत ठरते. तुम्हीं कांहींहि केलेलें नसतें, तुमची कांहींहि चूक नसते, आणि तरीहि काल जें सोनें होतें तें आज पितळ ठरतें.

आतां गुलामांच्या जोडीकडे वळूं. बावन्न पानांतून दोन पानें १३२६ प्रकारांनीं येऊं शकतात. त्यांपैकीं सहा प्रकारांनीं गुलामांची जोडी बनते. म्हणजे सरासरीनें २२१ डावांत ती एकदां भेटीस येते. तिच्याहून वरचढ जोड्या तीनच: राण्या, राजे आणि एक्के. समोर एकच खेळाडू असेल, तर त्याच्यापाशीं यांपैकीं एखादी जोडी असण्याचा संभव शंभरांत दीड. समोर आठ जण असले तरी त्यांपैकीं कोणापाशीं तरी ती असण्याचा संभव शंभरांत दहा-बारांच्या पुढें जात नाहीं. इतकें सामर्थ्यवान् दान हातीं आल्यावर कोणाची छाती फुगणार नाहीं?

पण मधलीं तीन पानें उघडण्याचा अवकाश, कीं चित्र पालटतें. त्या तीन पानांत राणी, राजा किंवा एक्का यांपैकीं निदान एक पान दिसण्याचा संभव शंभरांत ५७ आहे. म्हणजे निम्म्याहून अधिक वेळां आपल्या जोडीच्या डोक्यावर कोणी तरी वडीलधारें येऊन बसतें, आणि तें कोणाच्या हातांतल्या भावंडाला हांक मारीत आहे हें आपणांस कळत नाहीं. राजांच्या जोडीवर असा प्रसंग शंभरांत २३ वेळां येतो, राण्यांच्या जोडीवर ४१ वेळां. दश्शांच्या जोडीवर तो जवळजवळ ७० वेळां येतो, पण दश्शांच्या जोडीनें कोणी फारसा माजतच नाहीं. तिसरा गुलाम येऊन आपला उद्धार करील म्हणावें, तर तो पहिल्या तीन पानांत शंभरांत १२ वेळांच येतो. बलाढ्य म्हणून मिरवावें तर पायाखालची जमीन भुसभुशीत, आणि दुबळी म्हणून सोडावी तर हातचें राज्य सोडल्यासारखें! जाणत्या खेळाडूंनाहि या जोडीचा त्रास वाटतो तो यामुळेंच.

मग ती खेळावी कशी? भाच्यानें मला जें शिकविलें आणि पुढें अनुभवानें जें पटलें, त्याचा सारांश असा. जोडी हातीं येतांच, मधलीं पानें उघडण्यापूर्वींच, पण मोकळ्या हातानें वाढवावा. कारण त्या घटकेला आपण बहुधा सर्वांच्या पुढें असतों, आणि आपल्याला गर्दी नको असते. एक जण समोर उरला तर त्याच्यापाशीं राणी-राजा नसण्याची आशा धरतां येते. पांच जण स्वस्तांत आंत आले, तर उघडणारें कोणतेंहि मोठें पान त्यांपैकीं एकाच्या तरी घरचें असणारच. मधलीं पानें अठ्ठी, पंजी, दुर्री अशीं हलकीं पडलीं, तर पुन्हां निःशंकपणें पण लावावा. राजा किंवा एक्का पडला आणि सगळे गप्प असले, तर एकदां हलकेच चाचपून पाहावें; पण कोणी उलट जोरानें बोललें, तर जोडी खालीं ठेवावी आणि तिच्याकडे पुन्हां पाहूं नये. एरवीं चिंचोका चिंचोका मोजून लावणाऱ्या कवडीचुंबक माणसानें आरंभींच मोठा पण लावला, तर त्याच्यापाशीं आपल्याहून मोठी जोडी आहे असें धरून चालावें. तिसरा गुलाम येतो कीं काय हें स्वस्तांत पाहावयास मिळालें तर पाहावें, नाहीं तर पानें टाकावीं. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट बसण्याच्या जागेची. ज्याची बोलण्याची पाळी शेवटीं, त्याला इतरांचे मनोगत आधीं कळतें. म्हणून तींच पानें शेवटच्या जागेवरून अधिक मोलाचीं आणि पहिल्या जागेवरून कमी मोलाचीं असतात.

ही सर्व रीत एका वाक्यांत सांगावयाची तर आधीं धैर्य आणि मग वैराग्य. गंमत अशी कीं, बहुतेक माणसें याच्या नेमकें उलट वागतात. आमचे बँक अधिकारी याचा उत्तम नमुना आहेत. गुलामांची जोडी आली कीं आरंभीं ते भितात. "पुढें काय पडेल कोणास ठाऊक" असें म्हणत ते एकेक चिंचोका सरकवितात आणि सगळ्यांना आंत येऊं देतात. मग मध्यें राजा पडतो. आतां ज्या वेळीं भ्यावयास हवें त्या वेळीं त्यांना शौर्य चढतें! आपलीं पानें चांगलीं होतीं ही आठवण त्यांना सोडवत नाहीं, आणि शेवटपर्यंत ते पणाची बरोबरी करीत जातात. सारीं पानें उघडीं पडलीं म्हणजे ते दुःखानें म्हणतात, "पण माझ्याकडे गुलामांची जोडी होती हो!" या वाक्यांतील 'होती' हा शब्द ऐकला कीं माझ्या मनांत कालवाकालव होते. अर्ध्या जगाचें दुःख त्या भूतकाळी क्रियापदांत सांठलेलें आहे.

गुलामांच्या जोडीचीं दोन चुलत भावंडेंहि अशींच मायावी आहेत. एक्का आणि राजा एकत्र आले म्हणजे दिसण्यांत त्याहून देखणें कांहीं नाहीं. पण ती जोडी नव्हे. तें नुसतें जोडी होण्याचें वचन आहे. तीन पानें उघडल्यावर त्यांत एक्का किंवा राजा सांपडण्याचा योग तीनांत एकदां येतो. उरलेल्या दोन वेळीं आपल्या हातांत राजवंशाचे दोन अलंकार असतात आणि समोरचा दुर्रीच्या क्षुद्र जोडीवर आपणांस जिंकूं शकतो. तथापि वचन मोठें असल्यामुळें आरंभीं पण वाढविणें येथेंहि योग्यच. कोणी बरोबरी न करतां पानें टाकलीं, तर वचन पुरें करण्याची वेळच येत नाहीं. एक्का आणि राणी हें दुसरें भावंड अधिक फसवें. त्यांना हवें तें पान पडतें तेव्हांच घात होतो. मध्यें एक्का पडला, आपण हर्षानें पण लावला, आणि समोरच्याच्या हातांत एक्का-राजा निघाले, तर दोघांचेहि एक्के जुळतात आणि राणीवर राजा वरचढ ठरतो. अशा गांठींत आपण चारांत तीन वेळां हरतों. इच्छा सफल न झाल्यानें माणूस बुडतो असें आपण समजतों. ती सफल झाल्यानेंहि तो बुडतो, हें एक्का-राणी शिकविते.

जग मात्र या बारीक हिशेबाचें स्मरण ठेवीत नाहीं. लास व्हेगास येथील पोकरच्या जागतिक स्पर्धेंत डॉयल ब्रन्सन या टेक्सासच्या खेळाडूनें १९७६ आणि १९७७ अशीं लागोपाठ दोन वर्षें अजिंक्यपद मिळविलें, आणि दोन्ही वेळां शेवटच्या डावांत त्याच्या हातीं दश्शी आणि दुर्री हीं यःकश्चित् पानें होतीं. त्या पानांना पुढें त्याचेंच नांव पडलें. दश्शी-दुर्रीनें जिंकलेल्या दोन डावांची कीर्ति अशी अजरामर झाली. पण त्या अंतिम डावापर्यंत पोहोंचण्यासाठीं त्यानें किती चांगल्या जोड्या योग्य वेळीं टाकून दिल्या असतील, त्यांची आठवण कोणी ठेविली आहे? टाकलेलीं पानें कोणी उलटून पाहत नाहींत. शहाणपणाचा तो भाग नेहमीं अंधारांतच राहतो.

वर्गांत पोपचें 'दि रेप ऑफ द लॉक' शिकवितांना मला हें नव्यानें जाणवलें. त्या काव्याच्या १७१४ सालच्या वाढविलेल्या आवृत्तींत बेलिंडा ही तरुणी ओंबर नांवाचा पत्त्यांचा डाव खेळते. तिच्या हातीं हुकुमाचीं सर्वांत वरचीं तीन पानें असतात. याहून उत्तम आरंभ तो कोणता? पहिले हात ती धडाक्यानें घेते. पण मग प्रतिस्पर्धी सरदाराच्या चौकटचा मारा सुरू होतो आणि बेलिंडाचा चेहरा पांढरा पडतो. शेवटच्या एका हातावर सर्व येऊन ठेपतें, आणि लपवून ठेविलेला बदामचा राजा तिला तारतो. विद्यार्थ्यांना मी पूर्वीं एवढेंच सांगत असें कीं, पोपनें येथें महाकाव्यांतील रणवर्णनाचें विडंबन केलें आहे. आतां मी आणखी एक गोष्ट सांगतों: जिच्याजवळ सर्वांत चांगलीं पानें होतीं, तीच हरतां हरतां वांचली. जिंकल्यानंतर ती जो उन्मादाचा घोष करते, त्याच्यानंतर थोड्याच वेळांत तिची बट कापली जाते, हेंहि विसरतां कामा नये.

पानाचें मोल पानांत नसून प्रसंगांत असतें, हें ज्ञान आपल्याकडे नवें नाहीं. सावंतवाडीची गंजिफा ज्यांनीं पाहिली असेल त्यांना लाखेच्या रोगणानें चकाकणारीं तीं वाटोळीं पानें आठवतील. दशावतारी गंजिफेंत १२० पानें; प्रत्येक अवताराचा एक असे दहा रंग, आणि प्रत्येक रंगांत राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पानें. यांतील चमत्कार असा कीं, दहांपैकीं पांच रंगांत दश्शी मोठी आणि एक्का सर्वांत लहान. उरलेल्या पांचांत नेमका उलटा क्रम. शिवाय दिवसा खेळ असेल तर आरंभाचा मान रामाच्या पानाला, आणि रात्रीं कृष्णाच्या. ज्यानें ही रचना केली त्या अज्ञात बुद्धिमंताला माझा नमस्कार असो! "दश्शी मोठी कीं लहान?" या प्रश्नाला "कोणत्या रंगांत?" असा उलट प्रश्न विचारल्याशिवाय उत्तर देतां येऊं नये, अशी सोय त्यानें करून ठेविली आहे. आम्हीं मात्र आपल्या पदव्या, आपले गुण, आपलें घराणें यांचें मोल सदैव एकच धरून चालतों, आणि सायंकाळ झाली तरी रामाचेंच पान पुढें करीत राहतों.

महाभारतांतील युधिष्ठिर तरी दुसरें काय करीत होता? पहिल्या द्यूतांत तो सर्वस्व हरला. धृतराष्ट्रानें द्रौपदीला वर देऊन तें सर्व परत केलें. म्हणजे सगळीं पानें पुन्हां हातांत आलीं होतीं. पण मार्गांतूनच परत बोलावणें आलें, आणि तो परतला. पुढें वनवासांत बृहदश्व ऋषीनें त्याला नळाची कथा सांगून अक्षविद्या दिली. त्या कथेंत ऋतुपर्ण राजा धांवत्या रथांतून बेहड्याच्या झाडाचीं पानें आणि फळें किती हें सांगतो, आणि नळ तीच गणनेची विद्या घेऊन पुष्करावर मात करतो. अंदाजाचें गणित आपल्या पूर्वजांना किती मोलाचें वाटत होतें याची ही साक्ष आहे. परंतु मला असें वाटतें कीं, बोलावणें आलें त्या दिवशीं युधिष्ठिराजवळ गणित नव्हतें म्हणून तो परतला नाहीं. "आतां पुरें" हे दोन शब्द त्याच्याजवळ नव्हते.

हें सर्व पुस्तकी वाटत असेल, तर मी वाचकांना माझ्या दारासमोरचा रस्ता दाखवितों. मी राहतों तेथें पन्नास-साठ वर्षांपूर्वीं भातशेती आणि खाडीकांठचीं तिवरें होतीं. १९७० सालीं सिडको स्थापन झाली आणि नव्या शहरासाठीं ठाणें, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गांवांच्या जमिनी घेण्याचें ठरलें. मोबदल्यासाठीं शेतकऱ्यांना झगडावें लागलें; जानेवारी १९८४ मध्यें उरण तालुक्यांत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं झालेल्या आंदोलनांत गोळीबार होऊन पांच जण मृत्युमुखीं पडले. त्यानंतर, १९९० च्या सुमारास, संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकांना देण्याची योजना आली. या दानाला कोणी खिरापत म्हणूं नये. त्याची किंमत आधींच रक्तानें चुकती झाली होती. पण दान हातीं आल्यावरचा प्रश्न मात्र गुलामांच्या जोडीचाच होता. भूखंड ताबडतोब विकावा, त्यावर आपण बांधावें, कीं बांधकाम करणाऱ्याशीं भागीदारी करावी? कित्येकांनीं भूखंड प्रत्यक्ष डोळ्यांनीं पाहण्यापूर्वींच तो स्वस्तांत देऊन टाकला. कित्येकांनीं धीर धरला आणि त्यांच्या मुलांना आज भाड्याचें उत्पन्न आहे. आणि कांहींनीं इतका धीर धरला कीं, भावाभावांचे दावे न्यायालयांत गेले आणि जमीन तशीच पडून राहिली. गांवठाणांतील एक वृद्ध गृहस्थ सकाळीं फिरावयास जातांना मला भेटतात. ते एकदां म्हणाले, "मास्तर, जमीन सगळ्यांना सारखीच मिळाली. वेळ मात्र कोणालाच सारखी मिळाली नाहीं." एका घरीं मुलीचें लग्न होतें, दुसऱ्या घरीं आजारपण, तेथें थांबणें शक्यच नव्हतें. तेव्हां विकणारे मूर्ख आणि ठेवणारे शहाणे, असा निवाडा मी करूं धजत नाहीं. बोलण्याची पाळी ज्याच्यावर पहिली येते, त्याला शेवटच्या जागेवरून शहाणपण शिकवूं नये.

आतां जी गोष्ट गेले कित्येक महिने माझ्या मनांत घोळत आहे, तिच्याकडे येतों. माझा भाचा राज्यसेवेच्या परीक्षेला बसतो. पूर्वपरीक्षा आणि मुख्य परीक्षा हे दोन्ही गड त्यानें दोनदां सर केले. दोन्ही वेळां मुलाखतीपर्यंत पोहोंचला, आणि दोन्ही वेळां अंतिम यादींत त्याचें नांव आलें नाहीं. पूर्वपरीक्षेंतच गळणाऱ्या मुलाला घरचे चारदां सांगतात आणि तो दुसरा मार्ग धरतो. त्याच्या हातीं दुर्री-सत्ती होती. पण दोनदां मुलाखतीपर्यंत जाणाऱ्या मुलाला काय सांगावें? त्याचीं पानें खरोखरच चांगलीं आहेत. म्हणूनच तर तो अडकला आहे. इकडे महापे येथील एका कारखान्यांतून त्याला नोकरीचें बोलावणें आलें आहे. पगार बेताचा, पण काम त्याच्या शिक्षणाचें. महिनाअखेर उत्तर द्यावयाचें आहे. बहीण मला रोज फोन करते. "दादा, तूं त्याला समजाव. तुझें तो ऐकतो." काय समजावूं, असें विचारलें म्हणजे तीहि गप्प बसते. तिला मुलगा अधिकारीहि व्हावयास हवा आहे आणि या वर्षीं घरांत पगारहि यावयास हवा आहे. तिचें तरी काय चुकलें?

माझ्यापाशीं उपदेशाचें भांडार आहे. धंदाच तो आहे आमचा. चिकाटीचीं उदाहरणें हवीं असतील तर दहा देईन, आणि वेळींच वाट बदलून नांव काढणाऱ्यांचीं हवीं असतील तर तींहि दहा देईन. पण अशा उदाहरणांवर माझा आतां विश्वास उरलेला नाहीं. तीं सर्व दश्शी-दुर्रीच्या जातीचीं आहेत. जिंकलेल्या डावावरून तीं घडविलेलीं आहेत. त्याला तिसऱ्यांदा बसावयास सांगणें म्हणजे तिसऱ्या गुलामाची वाट पाहावयास सांगणें असेल. आणि सोडून दे म्हणणें म्हणजे उद्यां उघडणारें पान अठ्ठीचेंच असतां जोडी टाकावयास लावणें असेल. मधलें पान मला दिसत नाहीं, त्यालाहि दिसत नाहीं. मला एवढेंच कळतें कीं, दोन वर्षांपूर्वीं त्याच्या पानांचें जें मोल होतें तें त्या वेळीं खरें होतें, आणि आजचें मोल आजच्या टेबलावरून काढावें लागेल: वय, घरची निकड, पुढें आलेली नोकरी आणि त्याच्या मनांत शिल्लक असलेली उमेद. "इतकीं वर्षें घालविलीं, आतां कसें सोडावें?" हा विचार त्यानें करूं नये असें मला फार वाटतें, कारण लावलेले चिंचोके मधल्या राशींत गेले कीं ते आपले नसतात. तसेंच, "लोक हंसतील" या भीतीनें त्यानें सोडूंहि नये. तिसऱ्यांदा बसावयाचें तर नोकरीच्या आडोशानें अर्धें-मुर्धें बसूं नये, आणि सोडावयाचें तर रात्रीं चोरून जुनीं टिपणें उघडूं नयेत. आधीं धैर्य, मग वैराग्य. या दोहोंची भेसळ करून जें बनतें, त्याला आपण सोयीनें व्यवहार म्हणतों.

गेल्या रविवारीं तो नेहमींप्रमाणें आला. तिसऱ्या-चौथ्या डावांत त्यानें आरंभींच चांगला वीस चिंचोक्यांचा पण लावला. बँक अधिकारी आणि मी बाजूस झालों; सहाध्यापकांनीं बरोबरी केली. मध्यें चौकी, नहिला आणि राजा पडला. भाच्यानें एकदां दहा चिंचोके पुढें सारले. सहाध्यापकांनीं शांतपणें तीस ठेविले. भाचा क्षणभर स्तब्ध बसला, टेबलाकडे पाहत राहिला, आणि मग त्यानें आपलीं दोन्ही पानें पालथीं घालून दूर सारलीं. डाव आटोपल्यावर मीं सहज विचारलें, "काय होतें रे?"

"गुलाम, मामा," तो हंसून म्हणाला. "जोडी."

"वाईट वाटलें?"

"टाकेपर्यंत वाटलें. टाकल्यावर नाहीं." मग तो पानें पिसूं लागला, आणि पिसतां पिसतां, वर न पाहतां, म्हणाला, "मामा, आईनें तुम्हांला माझ्याशीं बोलावयास सांगितलें आहे ना?"

मीं हो म्हटलें. तो पुढें कांहीं बोलेल म्हणून मी थांबलों. पण त्यानें पानें काटण्यासाठीं माझ्यापुढें ठेविलीं, आणि मींहि तीं काटलीं.